कुंपणाबाहेरची कबर

माझ्या बाबांना डायलिसिस आवडतं, अशी आमच्या घरात दोन वर्षं सगळ्यांची पक्की समजूत होती. हे वाक्य लिहितानाही मला हसू येतं, पण समजूत व्हायला तसं कारण होतं. सोमवार आणि गुरुवार हे त्यांचे चंद्रपूरला जायचे दिवस. मी गाडी घेऊन यायच्या आधीच ते फाटकाशी उभे असायचे. दाढी केलेली, इस्त्रीचा हाफ शर्ट, एका खिशात रोझरीची माळ आणि दुसऱ्या खिशात तोंड कोरडं पडलं की चघळायला लिंबाच्या गोळ्या. मला जरा उशीर झाला की मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवायचे. ज्याला जायचंच नाही तो माणूस असं कशाला करेल?

माझं माहेर आणि सासर दोन्ही घुग्घुसमध्येच, मध्ये दोन गल्ल्या. नवरा सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर, भाऊ पुण्याला, आणि मी संध्याकाळी शिकवण्या घेणारी, म्हणजे सकाळी रिकामी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. त्यामुळे बाबांना नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तोंडाची तिखट आहे, हे आमच्या चर्चमध्ये कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. कोळशाच्या ट्रकमागे गाडी अडकली की मी जे काही बोलायची ते कानावर पडू नये म्हणून बाबा डोळे मिटून माळ जपायला लागायचे.

गाडीत तिसरं माणूस म्हणजे काका. नात्याने कुणीच नाहीत. बाबांनी कोळशाच्या खाणीत जितकी वर्षं काढली तितकीच त्यांनीही काढली, दोघं एकाच पाळीत, एकाच टोळीत. मूळचे नागभीडकडचे, तळ्यात जाळं टाकणाऱ्या घरातले, देवघरात मारुती आणि गणपती. निवृत्त झाल्यावर गावी परत न जाता इथेच राहिले. त्यांना डायलिसिसच्या दिवशी आमच्याबरोबर यायची काही गरज नव्हती, पण सेंटरच्या बाहेर तर्री-पोह्यांची गाडी लागते आणि तिथली तर्री त्यांना फार आवडायची. बाबा आत मशीनला लागले की काका बाहेर पोहे खायचे आणि मग आत जाऊन, आज तर्री कशी झाली होती ते, ज्याला तिखट-मीठ बंद आहे त्या माणसाला सविस्तर सांगायचे. मी एकदा रागावले तर बाबाच म्हणाले, सांगू दे, तेवढीच चव.

पहिलं वर्ष बरं गेलं. हातात शीर जोडून केलेली फिस्टुला होती, तिच्यावर बोट ठेवलं की आत काहीतरी गुणगुणल्यासारखं लागायचं, आणि माझी मुलं आजोबांचा हात धरून ते ऐकायला रांग लावायची. दुसऱ्या वर्षी मात्र शरीर कुरकुरायला लागलं. मशीनवर असतानाच बी.पी. खाली जायचं, पोटऱ्यांमध्ये गोळे यायचे, आणि घरी आणलं की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एखादा दिवस जरा बरा जायचा की पुन्हा जायची वेळ. तरीही ते तयारच असायचे. कधी नको म्हणाले नाहीत.

लोक कौतुक करायचे. आमच्या चर्चमध्ये जीवनाच्या पावित्र्यासाठी प्रार्थना करतात त्या रविवारी फादरांनी प्रवचनात नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं, बाबांचं उदाहरण दिलं. पोटातल्या बाळापासून अंथरुणावरच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाचा जीव देवाने दिलेला आहे, तो आपल्या मालकीचा नाही, आणि आपल्यातलाच एक माणूस तो किती जपतो आहे ते बघा, असं काहीतरी ते बोलले. सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. मला भारी वाटलं. बाबा चपलांकडे बघत बसले होते, आणि मला वाटलं, लाजले.

आता आमच्या इथली एक रीत सांगायला हवी. घुग्घुसच्या कॅथलिक लोकांत कबर खणायला मजूर लावत नाहीत. कोणी गेलं की खाणीतली माणसं पाळी संपवून येतात आणि आपल्या हाताने खणतात. जमिनीखाली उभं आयुष्य काढलेल्या माणसांना ते काम परक्याकडून करून घेणं कमीपणाचं वाटतं. बाबा कितीतरी वर्षं या मंडळींचे पुढारी होते. वर काळी माती, खाली मुरूम, कुठे पाणी लागतं, कुठे दगड, हे त्यांना आपल्या परसाइतकं माहीत. माझ्या आईची कबरही त्यांनीच खणली. सगळ्यांनी नको नको म्हटलं तरी पहार हातातून सोडली नाही. तिच्या डाव्या बाजूला एक जागा त्यांनी सोडून ठेवली होती आणि ती कुणाची हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजारी माणसांकडे कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन येतात. गेल्या सप्टेंबरात ते असेच आले. हे फादर झारखंडकडचे, वयाने माझ्याहूनही लहान, मराठी चांगली शिकलेले. आदल्याच दिवशी मशीनवर बाबांची शुद्ध गेली होती, आणि नर्सबाईंनी पाय वर करून, सलाईन देऊन त्यांना परत आणलं होतं. प्रार्थना झाली, बाबांनी कम्युनियन घेतलं. काका खिडकीजवळच्या खुर्चीत गप्प बसून होते. ते गप्प बसले की मला नेहमी धडकी भरते.

मी चहा आणायला उठले तेवढ्यात काकांनी विचारलं, "फादर, एक सांगा. यानं मशीन बंद केली, तं तुमी याले कुंपणाच्या अंदर गाडसान का बाहेर?"

बाबा त्यांच्यावर असे खेकसले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. फादरांना प्रश्नच कळला नाही. कसलं कुंपण, कसलं बाहेर, त्यांनी बाबांकडे बघून विचारलं. बाबांनी डोळे मिटले आणि खिशातली माळ काढली. मग काकांनीच सांगितलं, आणि मी चहा विसरून दारातच उभी राहिले.

बाबा तरुण असताना त्यांच्या टोळीत एक पोरगा नव्याने लागला होता, सिरोंच्याकडचा, तेलुगू बोलणारा, आपल्याच चर्चचा. एका सकाळी त्याने गळफास घेतला. का, ते कधीच कुणाला कळलं नाही. त्या वेळच्या फादरांनी, तेव्हाचा नियमच तसा होता म्हणून, त्याला कब्रस्तानाच्या आत जागा दिली नाही. देवाने दिलेला जीव ज्याने आपल्या हाताने फेकला त्याला पवित्र मातीत ठेवता येत नाही, असं सांगितलं. कुंपणाच्या बाहेर, बोरीच्या झाडाजवळ त्याला पुरलं. प्रार्थना नाही, घंटा नाही. खड्डा बाबांनी आणि काकांनी खणला. त्याची आई सिरोंच्याहून आली, तारेला धरून उभी राहिली, आणि परत गेली ती पुन्हा कधी आली नाही.

"हा दोन वर्षांपासून मले म्हणून राह्यला," काका म्हणाले, "का मशीनवर नाई गेलो तं मी बी जीव देल्ल्यातच जमा. मंग मले बी बोरीखाली टाकतीन, अन् बाई अंदर एकटी राहीन."

बाई म्हणजे माझी आई. मला एकदम सगळं दिसलं. ती दाढी, तो इस्त्रीचा शर्ट, खाली घातलेली मान. माझा बाप दोन वर्षं आईशेजारची जागा राखायला चंद्रपूरला जात होता. आणि फादरांना विचारायचं म्हटलं तर विचारणं म्हणजेच मनात ते पाप आलं असं कबूल करणं, म्हणून विचारतही नव्हता. ज्याने लहानपणी आमच्यासारखा धर्मशिक्षणाचा वर्ग केलाय, तोच अशी चूक करू शकतो. काकांना हे कोडं कधीच पडलं नसतं, म्हणून तर त्यांनी विचारून टाकलं.

 फादरांनी खुर्ची पुढे ओढून बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सावकाश समजावून सांगितलं. जीव देवाचा आहे, तो आपण संपवायचा नाही, हे खरंच आहे, त्यात काही बदललेलं नाही. पण जीव जपणं म्हणजे मरण शेवटपर्यंत ढकलत राहणं नव्हे. जो इलाज माणसाला झेपेनासा झाला, ज्याने आराम कमी आणि हाल जास्त व्हायला लागले, तो थांबवला तर ते जीव देणं होत नाही, आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं होतं. खाणं-पाणी थांबवायचं नाही, अंग पुसणं, दुखण्यावरचं औषध, सोबत, यातलं काही थांबवायचं नाही. आणि चालू ठेवायचं की नाही ते ज्याचं शरीर त्याने ठरवायचं, त्याची इच्छा असेल तर चालू ठेवणंही चांगलंच. चर्चची शिकवण आधीपासून हीच आहे, आपण प्रवचनात अर्धीच सांगितली, असंही ते म्हणाले.

बाबा ऐकत होते. त्यांचा चेहरा सुटेल, हसतील, असं मला वाटलं. झालं उलटंच. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"अन् तो पोट्टा?" त्यांनी विचारलं.

फादर म्हणाले, आता कुणाला बाहेर ठेवत नाहीत. मनावर केवढं ओझं होतं ते देवालाच ठाऊक, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, त्यांच्याबद्दल आशा सोडायची नाही. कितीतरी वर्षं झाली हे बदलून.

"मंग तो अजून बाहेर काऊन आहे?"

 तिथे कबर आहे हेच फादरांना आजवर माहीत नव्हतं, आणि ते त्यांनी तसंच सांगितलं.

ते निघाले तेव्हा मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. मला भयंकर राग आला होता, आणि राग आला की मी माणूस बघत नाही. मी म्हटलं, तुम्हाला काय गरज होती परवानगी द्यायची, आता ते सोमवारपासून मशीनवर यायचे नाहीत, माझे बाबा जातील. मी रडत होते आणि भांडतही होते. त्यांनी मला गप्प केलं नाही. एवढंच म्हणाले, "राग धरा, ताई, चालेल. पण भीती घालून त्यांना अडवू नका."

संध्याकाळी भावाचा पुण्याहून फोन आला, तो माझ्यापेक्षा जास्त तापला. नागपूरला नेऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू, फादरांना यातलं काय कळतं. बाबांनी फोन मागून घेतला आणि त्याला विचारलं, जेवलास का, आणि तो जेवला नव्हता, म्हणून आधी जेव म्हणून फोन ठेवून दिला.

सोमवारी मी मुद्दाम गाडी काढली नाही. नऊ वाजता बाबांचाच फोन. कुठे आहेस, मशीन काय आपली वाट बघत बसणार आहे का? मी गेले तर बाबा आणि काका दोघं तयार. मी विचारलं, मग शुक्रवारचं ते सगळं काय होतं? बाबा गाडीत बसत म्हणाले, कुंपण सरकवायचं आहे, तोवर ताकद पाहिजे.

आणि खरं सांगते, त्यानंतरचे ते दोन महिने आमच्या सगळ्यांचे फार सुखात गेले. मशीन तीच, गोळे तेच, पण आता ते आपल्या मर्जीने जात होते. परत येताना भिंतीकडे तोंड करायच्या ऐवजी मला कब्रस्तानापाशी गाडी थांबवायला लावायचे. कुंपणाच्या पलीकडेही थोडी जागा चर्चचीच निघाली, तार घालणाऱ्याने अलीकडून घातली होती एवढंच. तिथे बेशरमाची झुडपं माजली होती आणि बोरीचं झाड कधीच तुटलं होतं. बाबा आणि काका, एक काठी टेकत आणि एक कमरेवर हात ठेवून, कबर नेमकी कुठे यावरून दोन आठवडे भांडले. शेवटी झुडपं काढल्यावर कडेला लावलेले दगड सापडले. ते दोघांच्याही जागेपासून दूर होते, त्यामुळे कुणालाच टोमणा मारता आला नाही.

एका रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर कुंपण सरकवण्याबद्दल बैठक झाली. बहुतेकांची काही हरकत नव्हती. एका सद्गृहस्थांनी मात्र उठून सांगितलं, की आजकाल मुलं आधीच परीक्षेवरून, फोनवरून नको ते करून बसतात, अशा वेळी चर्चने असं केलं तर त्यांना काय वाटेल. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मीही मुलांना शिकवते, मलाही ती भीती असते. बाबा बाकाला धरून उभे राहिले.

"जीव पवित्र आहे म्हणता ना? त्याचा जीव बी देवानंच देल्ला होता. तो त्यानं सांभाळला नाई, खरं आहे. पण आमी तरी कुठी सांभाळला? तो आमच्या टोळीत होता. त्याले काय होऊन राह्यलं, हे कोणी विचारलं नाई. मी बी नाई."

मग ते बसले. त्या गृहस्थांनी पुढच्या शनिवारी सगळ्यात आधी येऊन टिकाव हातात घेतला, हे मला सांगायलाच हवं, कारण मी त्यांच्याबद्दल मनातल्या मनात पुष्कळ वाईट बोलून घेतलं होतं.

शनिवारी रात्रपाळी करून आलेली पोरं थेट मोटरसायकलीवरून कब्रस्तानात आली, अंगावर कोळसा तसाच. बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत सावलीला बसवलं होतं. तिथून त्यांनी सगळ्यांना हैराण केलं. पहार अशी धरतात का, खांब वाकडा जातोय, सिमेंटात पाणी जास्त झालं. आताची मुलं मोठमोठी यंत्रं चालवतात, त्यांना हाताने खड्डा खणायची सवय राहिलेली नाही, आणि ती निमूटपणे ऐकून घेत होती. मी सगळ्यांसाठी आलुबोंडे नेले होते. दुपारपर्यंत जुने खांब निघाले, नवे उभे राहिले, तार ताणली गेली, आणि तो पोरगा आत आला. त्याला कुणी हलवलं नाही. तो होता तिथेच राहिला.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही सगळे दरवर्षीप्रमाणे कबरी सारवून, झेंडूची फुलं घालून, मेणबत्त्या लावायला गेलो. फादर प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडत फिरत होते. त्या पोराच्या कबरीशी ते थांबले, पुस्तक उघडलं, आणि अंत्यविधीची जी प्रार्थना त्या वेळी म्हटली गेली नव्हती ती पूर्ण म्हटली. काकांना त्यातलं काही येत नव्हतं, तरी त्यांनी टोपी काढून हात जोडले होते. बाबांनी मेणबत्ती लावली. वारा होता, ती दोनदा विझली, तिसऱ्यांदा मी पदराचा आडोसा धरला. मग आईच्या कबरीपाशी जाऊन ते तिथल्या कठड्यावर बसले आणि मला म्हणाले, आता बस्स.

मला काय ते कळलं. मी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी मशीन थांबवायची म्हणून आम्ही डॉक्टरांना भेटलो. त्यांनी पुढे काय काय होईल ते मोकळेपणाने सांगितलं, श्वासाचा त्रास झाला तर द्यायची औषधं लिहून दिली, कधीही फोन करा म्हणाले. भाऊ रजा टाकून आला. पहिल्या दिवशी तो बाहेर ओट्यावरच बसून राहिला, दुसऱ्या दिवशी बाबांची दाढी करून द्यायला बसला आणि मग रोज तोच करायला लागला. फादरांनी येऊन बाबांच्या कपाळाला पवित्र तेल लावलं, आजाऱ्यांचा संस्कार दिला. काकांनी त्यांच्या गावाकडच्या तळ्यातले शिंगाडे मागवले आणि दोघांनी मिळून ते मिठाबरोबर खाल्ले. मी बघत होते, मिठाची वाटी उचलून नेली नाही. घरात माणसांची इतकी ये-जा होती की मला आईच्या वेळेसारखं रिकामं वाटलंच नाही. बाबा दिवसाचा बराच वेळ झोपायचे, उठले की खुशीत असायचे.

एक दुपार माझ्या लक्षात आहे. थंडी सुरू झाली होती म्हणून त्यांची खाट अंगणात उन्हाला ओढली होती. भाऊ बाजारात गेला होता. मी शेजारी उभी राहून वाळलेले कपडे घडी करत होते. ते झोपलेत असं मला वाटलं होतं.

"तुले राग आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं. पण त्यांनी दोन वर्षं मनातलं सांगितलं नव्हतं आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं.

"आहे," मी म्हणाले. "थोडा आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि खाटेवर थोडं सरकून त्यांनी मला बसायला जागा करून दिली.